चॅम्पियन मिळतात, वल्ली मिळत नाहीत

तीन_हात_नाका (धागाकर्ता)

७ डिसेंबर २०२५ची अबू धाबीची फॉर्म्युला वन रेस आम्ही सहाजणांनी पाचपाखाडीत एका मित्राच्या घरी बघितली. साडेसहाला सुरू, आठच्या आसपास निकाल. मॅक्स व्हर्स्टॅपन पहिला, ऑस्कर पियास्त्री दुसरा, लँडो नॉरिस तिसरा, आणि तिसरा येऊनच नॉरिस जगज्जेता. त्याचे ४२३ गुण, मॅक्सचे ४२१. पोरगं रडलं, आईच्या गळ्यात पडलं, टीमचे आभार मानले, हरलेल्या दोघांचंही कौतुक केलं. सगळं कसं शिस्तीत. माझा मित्र भेळेतल्या मिरच्या वेचून बाजूला ठेवत म्हणाला, "छान मुलगा आहे रे. जावई म्हणून चालेल."

तेच तर माझं दुखणं आहे. रेसिंग ड्रायव्हर जावई म्हणून चालायला लागला की समजायचं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय.

आता ४९ वर्षं मागे या. २४ ऑक्टोबर १९७६, जपानमधलं फुजी, धो धो पाऊस. नॉरिससारखीच तेव्हाही मॅकलारेन टीमची गाडी, तेव्हाही इंग्लिश ड्रायव्हर, तेव्हाही हंगामाची शेवटची रेस आणि तेव्हाही तिसरा नंबर पुरला. जेम्स हंट ६९ गुण, फेरारीचा निकी लाउडा ६८. पण हंटला आपण तिसरे आलोय हेच माहीत नव्हतं. टायरच्या घोळावरून तो इतका पेटला होता की गाडीतून उतरला तो थेट टीमच्या साहेबावर, टेडी मेयरवर, तोंड सोडायलाच. लोक सांगतायत, बाबा रे, तू वर्ल्ड चॅम्पियन झालास, आणि याचा विश्वास बसेना.

हा माणूस पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, अनवाणी फिरायचा. रेसच्या आधी ताणामुळे ओकायचा आणि मग गाडीत बसून भल्याभल्यांना पाणी पाजायचा. घरी बजरीगर पोपट पाळायचा. त्याच्या ओव्हरऑलवर जो बिल्ला असायचा त्यावरचा मजकूर इथे लिहिला तर धागा उडेल.

आणि तो एकटा नव्हता. १९७५ साली ऑस्ट्रियात ब्राम्बिला आयुष्यातली एकमेव ग्रां प्री जिंकला, आनंदाने दोन्ही हात वर केले आणि झेंड्यापलीकडे जाऊन गाडी ठोकली. नाक तुटलेल्या गाडीतून मिरवत फेरी पूर्ण केली. १९८२ला हॉकेनहाइममध्ये पिके पहिला चालला होता, मागे पडलेल्या सालाझारला ओव्हरटेक करताना दोघे आपटले, तर पिकेने उतरून भर ट्रॅकच्या कडेला त्याला गुद्दे घातले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट!

आणि आता? २०२५च्या मोंझाला नॉरिसचा पिटस्टॉप (टायर बदलायचा थांबा) रखडला, त्यामुळे त्याच्याच टीमचा पियास्त्री पुढे गेला. टीमने रेडिओवर सांगितलं, जागा परत दे. त्याने दिली. रेशनच्या रांगेत "काका, तुम्ही आधी होतात" म्हणावं तशी दिली.

मी म्हणतो, आजचे ड्रायव्हर वेगवान आहेत, फिट आहेत, गुणी आहेत. पण वल्ली नाहीत. पटत नसेल तर बोला.

अंडरस्टीअर

असहमत. आणि जरा वैतागून असहमत.

पियास्त्रीने जागा दिली म्हणून तो मिळमिळीत? बरं. १९८२ला इमोलात फेरारीने 'स्लो'चा फलक दाखवला, जिल व्हिलनव्ह समजला की आता आहे त्या क्रमाने घरी जायचं. त्याच्याच टीमच्या पिरोनीने शेवटच्या लॅपला त्याला मागे टाकलं. जिल त्याच्याशी बोलेनासा झाला आणि पुढच्याच रेसला, झोल्डरच्या क्वालिफायिंगमध्ये (रेसचा सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांत), पिरोनीची वेळ मोडायच्या नादात मेला. हा तुमचा 'रंग'. मला रेशनची रांग चालेल.

दुसरं. मॅक्सला तुम्ही विसरलात की सोयीने गाळलात? २०२५च्या मे महिन्यात न्युर्बर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर 'फ्रांत्स हेरमान' नावाचा कोणीतरी फेरारीची जीटी३ रेसगाडी घेऊन प्रॅक्टिसला आला. तो मॅक्स होता. चार वेळचा जगज्जेता खोटं नाव लावून दुसऱ्याच्या गाडीत, सुट्टीच्या दिवशी! पुढे सप्टेंबरमध्ये तिथलं परमिट मिळावं म्हणून कमी ताकदीच्या पोर्शेत बसून नवशिक्यासारखा पावसात फिरला, आणि मग तिथली चार तासांची रेस जिंकूनही दाखवली. हे १९७६ला कोणी केलं असतं तर तुम्ही पोस्टर लावलं असतं.

(खारघरच्या वन बीएचकेत माझाही सिम्युलेटर आहे. सध्या त्याच्या सीटवर आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवते. मॅक्सच्या आईने ठेवल्या नसाव्यात, म्हणून तो तिथे आणि मी इथे.)

जुनी_फियाट

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. अहो, ती माणसंच वेगळी होती.

स्टर्लिंग मॉसचं घ्या. १९५८. पोर्तुगालच्या रेसमध्ये माइक हॉथॉर्नवर आरोप झाला की गाडी परत चालू करताना तो ट्रॅकवर उलट्या दिशेने गेला. बाद झाला असता. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोण उभं राहिलं? मॉस, म्हणजे ज्याच्याशी त्याची जगज्जेतेपदासाठी चुरस चालू होती तोच. हॉथॉर्नचे गुण वाचले. हंगामाच्या शेवटी हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसच्या चार रेस जिंकून झाल्या होत्या, हॉथॉर्नची एक. मॉस पुढे कधीच चॅम्पियन झाला नाही. आज कोणी करून दाखवावं. आज वकील येतात, टेलिमेट्री (गाडीने नोंदवलेले आकडे) येते, अपील होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फांजिओला हवानात हॉटेलच्या लॉबीतून क्रांतिकारकांनी पिस्तूल लावून उचलला. रेस झाल्यावर सोडून दिला. हा बाहेर येऊन म्हणतो, मला चांगलं वागवलं. संपलं. ना नुकसानभरपाई, ना मुलाखतींची मालिका.

सीवूड्सची

जुनी_फियाट, तुमचा हॉथॉर्न ते पद जिंकून निवृत्त झाला आणि तीनच महिन्यांत, जानेवारी १९५९ मध्ये, साध्या रस्त्यावर गाडी भरधाव घालून गेला. एकोणतिसाव्या वर्षी. गोष्ट सांगायचीच तर तिथपर्यंत सांगा.

मला या 'रंगीत काळा'चं कौतुक कधीच झेपलं नाही. हंटच्या काळातली नावं मोजा. १९७०ला करेज आणि रिंट. ७३ला विल्यमसन आणि सेव्हेर. ७४ला रेव्हसन आणि कॉइनिग. ७५ला डोनह्यू. ७७ला प्राइस. ७८ला पीटरसन. ही फक्त फॉर्म्युला वनच्या गाडीत गेलेली, आणि तीही सगळी नाहीत. १९९४ला गेलेल्या सेनानंतर एक बियांकी, २०१४चा अपघात. एकूण एकच. उद्या काय होईल माहीत नसलेली माणसं पार्ट्या करणारच, अनवाणी फिरणारच. त्याला तुम्ही व्यक्तिमत्त्व म्हणता, मी त्याला भीती म्हणते. रेसच्या आधी ओकणारा हंट तुम्हाला मजेशीर वाटतो?

आणि हंटचं नीट वाचा. १९७८ला मोंझात पीटरसनला जळत्या गाडीतून बाहेर ओढणाऱ्यांत हंट होता. पुढच्या वर्षी मोनॅकोनंतर भर हंगामात त्याने रेसिंग सोडलं. त्या बिल्ल्याच्या आत तो माणूस होता.

हे मी का बोलते ते सांगते. माझ्या कॉलेजातला एक मुलगा पाम बीच रोडवर अपघातात गेला. रात्री साडेबारा, मोराज सर्कलकडून नेरुळच्या दिशेने, मित्रांशी बाइकची शर्यत. त्याला सगळे 'वल्ली'च म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो तेव्हा दुभाजकावरच्या बोगनवेलीत त्याच्या चपलेचा एक अंगठा अडकलेला होता. बस्स.

तीन_हात_नाका

@सीवूड्सची, वाचून गप्प झालो. मित्राबद्दल वाईट वाटलं.

पण मुद्दा पुन्हा मांडतो, कारण तो निसटतोय. मरण परत आणा असं कोण म्हणतंय? ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं ते संरक्षक कडं, हेलो, हवंच. ग्रोजाँ २०२०ला बहरीनमध्ये आगीतून चालत बाहेर आला तेव्हा मीही टीव्हीसमोर उभा राहिलो होतो. मला म्हणायचंय ते एवढंच, की सुरक्षित गाडीत बसलेला माणूस बेधडक बोलू का शकत नाही? गाडीला कवच आलं ते ठीक, जिभेला का आलं?

आणि त्या काळातलं सगळंच पार्टीबाजी नव्हतं. तुम्हीच विल्यमसनचं नाव घेतलंत. १९७३, झांडव्होर्ट. गाडी उलटी होऊन पेटली, मार्शलांकडे आगीत टिकणारे कपडेही नव्हते. डेव्हिड पर्ली नावाच्या ड्रायव्हरने स्वतःची रेस सोडली, ट्रॅक ओलांडून धावला, एकट्याने गाडी उलटवायचा प्रयत्न केला. बाकीचे जवळून जात राहिले, कारण त्यांना वाटलं ही पर्लीचीच गाडी आहे आणि तो सुखरूप बाहेर आलाय. तो वाचवू शकला नाही. त्याचे ते फोटो बघा आणि मग मला सांगा, माणसं वेगळी नव्हती म्हणून.

अंडरस्टीअर

माणसं वेगळी नव्हती. परिस्थिती भयानक होती. पर्लीचं उदाहरण तुमच्या नव्हे, ताईंच्या बाजूचं आहे.

आणि एक गंमत. जॅकी स्ट्युअर्ट १९६६ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर पावसात बाहेर गेला, पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडला, कोणाकडे पाना नाही. शेवटी ग्रॅहम हिल आणि बाँड्युरंट या दुसऱ्या दोन ड्रायव्हरांनी प्रेक्षकाकडचा पाना मागून त्याला सोडवला. त्यानंतर हा गडी गाडीत पाना चिकटवून फिरायचा आणि सुरक्षेसाठी भांडायचा. तेव्हाही म्हणणारे होतेच, की या भित्र्याने खेळातली मजा घालवली. म्हणजे तुमचा हा धागा साठ वर्षं जुना आहे हो. फक्त तेव्हा तो छापून यायचा.

पिटस्टॉप_पाटील

घणसोली गावठाणातून राम राम मंडळी. तुम्ही माणसांवरून भांडताय, मला हसू येतंय.

आमच्याकडं बैलगाडीच्या शर्यती. २०१४ला सुप्रीम कोर्टानं बंद केल्या, डिसेंबर २०२१ला परत सुरू झाल्या. मैदानात जाऊन कोणालाही विचारा, बकासुर माहीत आहे का? शेंबडं पोर पण सांगंल. मग विचारा, त्याचा छकडा कोण हाकतो? डोकं खाजवत बसतील. जिंकतो बैल, नाव बैलाचं, गुलाल बैलाला. हाकणारा उतरून पाणी पितो.

तुमच्या फॉर्म्युला वनमध्ये पण आता तेच झालंय. बैल मोठा झाला. म्हणून माझं दुःख वेगळं आहे. माणसं सोडा, *बैलांचा* रंग गेला! १९७६ला टिरेल टीमची सहा चाकांची गाडी होती, पुढं चार छोटी, मागं दोन मोठी. नुसती दाखवायला नव्हती, स्वीडनमध्ये जिंकली. दोन वर्षांनी त्याच स्वीडनमध्ये ब्रॅबम टीमनं गाडीच्या पाठीमागं भला मोठा पंखा लावला. खालची हवा ओढून घ्यायचा, गाडी जमिनीला चिकटायची. लाउडा आरामात जिंकला. बाकीच्यांनी एवढा दंगा केला की ती गाडी परत कधी उतरलीच नाही. आता सगळ्या गाड्यांचे रंग खरवडून काढा आणि ओळखा बघू कोणती कोणाची. नियमच इतके बारीक झालेत की सगळ्यांचं उत्तर एकच येतं.

गाडी एकसारखी, पगारवाला हाकणारा एकसारखा. त्यात नवल ते काय?

नुसता_वाचक

बैलाचा प्रतिसाद आवडला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

ऐरोलीकर

माझं पोटच या विषयावर भरतं म्हणून लिहितो. ऐरोलीत एका कंपनीत साहेब लोकांना कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं ते शिकवायचं काम करतो.

आम्ही साहेबाला तीन वाक्यं देतो. प्रश्न काहीही येवो, त्या तिनांपैकी एकावर यायचं. "हा चांगला प्रश्न आहे, पण महत्त्वाचं म्हणजे..." असं म्हणत पूल ओलांडायचा. पहिल्या दिवशी साहेबाला कृत्रिम वाटतं, दहाव्या दिवशी तो बायकोशी पण तसंच बोलतो. आजचा ड्रायव्हर सात-आठ वर्षांचा असताना कार्टमध्ये बसतो, बारा-तेराव्या वर्षी कुठल्यातरी अकादमीत जातो. म्हणजे मिसरूड फुटायच्या आत त्याला ती तीन वाक्यं पाठ असतात. त्याला दोष काय देणार?

त्यात आकडे बघा. १९७६ला वर्षात १६ रेस, २०२५ला २४. आणि हंटच्या गाडीत रेडिओ नव्हता! पिटच्या भिंतीवरून फळी दाखवायचे, तेवढाच संवाद. तो हेल्मेटच्या आत कोणाच्या आईबहिणीचा उद्धार करत होता ते देवाला माहीत. आज गाडीत बसल्यावर निघालेला प्रत्येक शब्द कोणीतरी ऐकतोय, त्यातला मसालेदार भाग निवडून जगभर ऐकवतोय, आणि तासाभरात त्याचं मीम झालेलं असतं. मला अशा खुर्चीत बसवलं तर मी फक्त हवामानावर बोलेन.

तरीही एक कबूल करतो. २०२४ला सिंगापूरला मॅक्सने पत्रकार परिषदेत गाडीबद्दल एक शिवी हासडली. एफआयएने, म्हणजे मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेने, त्याला समाजसेवेची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी हा अधिकृत परिषदेत आला आणि एकेका शब्दात उत्तरं देऊन उठला. मग पत्रकारांना बाहेर घेऊन गेला आणि तिथे उभ्या उभ्या मनसोक्त बोलला. माझ्या धंद्याच्या कानफटात मारली. टाळ्या वाजवल्या मी.

जुनी_फियाट

बघा, स्वतः ऐरोलीकर म्हणतायत. जे एरवी सहज व्हायचं त्याला आता बंड म्हणावं लागतं. एका शिवीवर टाळ्या वाजवायची वेळ आली! आमच्या वेळी नौपाड्यात रिक्षावाला सकाळी सकाळी त्याहून चांगली देत असे, कोणी त्याला व्यक्तिमत्त्व म्हणत नव्हतं.

आणि हे हॅमिल्टन, फेटल. टीशर्टवर घोषणा, हेल्मेटवर इंद्रधनुष्य, मधमाश्या वाचवा. चांगलं आहे, पण तेही ठरवूनच ना? मोहीम वेगळी, स्वभाव वेगळा.

अंडरस्टीअर

ठरवून? फेटलने २०२१ला सिल्व्हरस्टोनला रेस संपल्यावर स्टँडमधला कचरा गोळा केला. चार वेळचा चॅम्पियन हातमोजे घालून दुसऱ्यांच्या बाटल्या उचलतोय. त्याच वर्षी हंगेरीत राष्ट्रगीताच्या वेळी इंद्रधनुष्याचा टीशर्ट काढला नाही म्हणून ताकीद खाल्ली, पर्वा केली नाही. अनवाणी चालणं म्हणजे स्वभाव आणि कचरा उचलणं म्हणजे मोहीम, हे कोणी ठरवलं?

खरं सांगू का, मेलेल्या म्हशीला मणभर दूध. १९७६ म्हटलं की तुम्हाला हंट आठवतो. हंटचा मॅकलारेनमधला जोडीदार कोण? योखेन मास. चांगला ड्रायव्हर, एक ग्रां प्री जिंकलेला. त्याचा एक किस्सा सांगा. नाही ना येत? त्या रांगेत अशी वीसेक माणसं होती. मुकाट गाडी चालवायची, हॉटेलवर जाऊन झोपायची. ती गाळून चाळणीत उरलेले दोघे-तिघे म्हणजे तुमचा 'काळ'. आणि आजचे मात्र सगळेच्या सगळे मोजायचे, तेही दर गुरुवारच्या मुलाखतीसकट.

शिवाय हंटला तुम्ही बघितलाय का? मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झालं, त्यावर काय 'आमची माती आमची माणसं'नंतर फुजीची रेस लागायची? तुम्हाला तो रद्दीतल्या मासिकांतून मिळाला, निवडून, मीठमसाला लावून.

सीवूड्सची

मासने जिंकलेली ती एकमेव रेस म्हणजे १९७५ची स्पेन, बार्सिलोनाच्या माँट्युइकची. तिथले कठडे नीट बसवलेले नव्हते म्हणून ड्रायव्हर आधीच भांडत होते. तरी रेस झाली. एक गाडी कठड्यापलीकडे गेली, माणसं मेली, रेस अर्ध्यात थांबवली म्हणून गुणही अर्धे दिले. त्या अर्ध्या गुणांतला अर्धा गुण सहाव्या आलेल्या लेला लोम्बार्डीला मिळाला. जागतिक अजिंक्यपदात गुण मिळवलेली आजपर्यंतची एकमेव बाई. तुमच्या एवढ्या लांबलचक चर्चेत ती एकदाही आली नाही. वल्ली म्हटलं की पुरुषच आठवतात, आणि बायका आठवतात त्या हंटच्या कडेवरच्या.

जुनी_फियाट

हे मात्र कान धरून मान्य.

तीन_हात_नाका

@अंडरस्टीअर, रद्दीचं वर्मी लागलं. गोखले रोडला एक रद्दीवाला होता, त्याच्याकडून इंग्रजी मोटार मासिकं मी वजनावर घ्यायचो. हंट मला तिथेच भेटला, हे खरं. त्या अंकाचं मागचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे १९७६च्या हंगामाचा शेवट मला दोन वर्षं माहीतच नव्हता.

पण लाउडाचं काय? तो तर तुमच्याच बाजूचा. हिशेबी, दात पुढे, लोक त्याला उंदीर म्हणायचे. आजच्या भाषेत 'बोअर'. १ ऑगस्टला न्युर्बर्गरिंगवर जळाला, १२ सप्टेंबरला मोंझात पट्ट्या गुंडाळलेल्या डोक्याने चौथा आला. आणि फुजीला दोन लॅपनंतर गाडी आत आणून उतरला, या पावसात चालवणार नाही म्हणाला. फेरारीवाले म्हणाले, इंजिनात बिघाड झाला असं सांगू. तो म्हणाला, नाही, खरं तेच सांगा. एका गुणाने जगज्जेतेपद गेलं. पुढे हाच माणूस मिळालेल्या ट्रॉफ्या गावातल्या गॅरेजवाल्याला देऊन टाकायचा, बदल्यात गाडी फुकट धुऊन घ्यायचा! घरात धूळ कोण पुसणार म्हणून. आजच्यांपैकी असा एक दाखवा. एकच.

अंडरस्टीअर

दाखवतो ना. २०१६ला निको रोजबर्ग जगज्जेता झाला आणि पाच दिवसांनी निवृत्त. झालं माझं, आता घरी. ट्रॉफी देऊन गाडी नाही धुऊन घेतली एवढंच. आणि बोअर लाउडा तुम्हाला आवडतो म्हणजे तुमचा मूळ मुद्दा तुम्हीच पंक्चर केलात.

नुसता_वाचक

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. २७ ऑक्टोबर २०१३ला मी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर होतो. फेटल चौथ्यांदा चॅम्पियन झाला. नियमाप्रमाणे गाडी गुपचूप आत न्यायची असते. त्याने आमच्या स्टँडसमोर मुख्य सरळ पट्ट्यावर गोल गोल भिंगरी घातली, इतका धूर की दोन मिनिटं समोरचं काही दिसेना. धूर विरला तर हा गाडीसमोर गुडघ्यांवर बसून तिला चक्क नमस्कार घालतोय. मग जाळीवर चढून हातमोजे लोकांत फेकले. माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा, बहुधा नातवाने जबरदस्तीने आणलेले, उठून उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले.

त्यावर पंचवीस हजार युरोंचा दंड झाला. म्हणजे रंग होता, लगेच पावती फाडली.

पिटस्टॉप_पाटील

आईशप्पथ. हा खरा बैलवाला. जिंकल्यावर आधी बैलाच्या पाया पडला!

तीन_हात_नाका

हा धागा काल रात्री मी आमच्या काकांना वाचून दाखवला. वय ७१. वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, लिही, मी सांगतो. तसंच लिहितो.

"१९७८ की ७९. मी आणि आमच्या खात्यातला एक, मद्रास मेलने गेलो. शोलावरमला युद्धातली जुनी धावपट्टी होती, तिथे रेस व्हायच्या. बसायला काही नाही, गवताच्या भाऱ्यांमागे उभे. ऊन असं की कातडी सोलवटावी. एक गाडी आमच्या समोर गरागरा फिरून मातीत घुसली. आतून पंचविशीचा एक मुलगा उतरला, हेल्मेट काढलं, इंजिनाकडे एकदा बघितलं आणि आमच्या शेजारी येऊन सावलीत बसला. आम्ही पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो. त्याने हाताने विचारलं, काय आहे? दिली. चटणी तिखट लागली, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी पोळी मागून घेतली. त्याची रेस समोर चालू होती आणि तो एकेका गाडीकडे बोट दाखवून आम्हाला इंग्रजीत सांगत होता, याचा ब्रेक गेलाय, हा पुढच्या लॅपला थांबेल. दोघं खरंच थांबले. मग कोणीतरी जीप घेऊन आलं, तो गेला. नाव विचारायचं राहिलं."

मी म्हटलं, काका, हेच तर मी म्हणतोय, असे ड्रायव्हर आता नाहीत! तर काका म्हणाले, "आता तुला जाळीच्या दहा फूट जवळ जाऊ देतात का? तुझ्याकडे पोळी असते का?"

ऐरोलीकर

काकांना साष्टांग. माझ्या तीन वाक्यांत हे कुठेच बसत नाही.

अंडरस्टीअर

काकांना विचारा, गाडीचा नंबर आठवतो का? जुन्या निकालांच्या याद्या मिळाल्या तर नाव शोधता येईल.

तीन_हात_नाका

विचारलं. नंबर आठवत नाही. गाडीवर हिरवा पट्टा होता आणि डब्यात चार पोळ्या होत्या, त्यातल्या दोन त्याने खाल्ल्या, एवढं नक्की आठवतं म्हणाले.